गोलकीपरचं स्थळ

८ जानेवारी, बुधवार

धुरपता आत्या पुन्हा स्थळ घेऊन हजर. बाबांना बहीण नसती तर माझी निम्मी डोकेदुखी गेली असती. या खेपेचा नग — आनंदराज. तहसीलात कारकून, आणि एकतिसाव्या वर्षी फुटबॉल खेळतो! आत्याने मोबाइलवर फोटो दाखवला. सगळे कप धरून उभे, हा कडेला हातमोजे घालून. "गोलकीपर हाय, बुद्धप्रिया. नांदेडचा संघ दरसाली कप जिंकून राहिला." बाकीचे पळतात, हा उभा राहतो. त्याचं कसलं कौतुक?

बाबा म्हणाले, याला तरी नीट बघ. आजवर आलेल्या सगळ्यांना मी नाही म्हटलंय. एकाने भज्यांची बशी स्वतःपुढे ओढली. एकाने आधी माझा पगार विचारला, मग नाव. यातून निवडायचं काय?

१२ जानेवारी, रविवार

पाहून गेले. आनंदराजने चहा घेतला आणि रिकामा कप स्वतःच आत नेऊन ठेवला. नाटकं. मला एकच प्रश्न — "पुढच्या रविवारी फायनल हाय, मुखेडसंगं. येता का?" मी म्हटलं, बघू. त्याने मान हलवली, संपलं. बोलायला पैसे पडतात की काय!

१५ जानेवारी

मुखेडचा संघ म्हणे पहिल्यांदाच अंतिम सामन्यात आलाय, लातूरवाल्यांना हरवून. आत्याला फुटबॉल चौकोनी की गोल ते ठाऊक नाही, पण "मुखेडवाल्यांचा भुगा होतोय बघ" म्हणत दिवसभर घरात फिरली.

१८ जानेवारी

निळ्या ड्रेसला इस्त्री केली. सोमवारी लॅबला, कामावर जाताना लागेल म्हणून.

१९ जानेवारी, रविवार

गेले. निळाच ड्रेस घालून. बाबा आणि आत्या दोन बाजूंना, मी मध्ये.

मुखेडची पोरं एसटीने आली होती. एकाचेही मोजे दुसऱ्याशी जुळेनात. त्यांचे वैजनाथ सर स्वतः पाण्याचा जार खांद्यावर घेऊन आले. लोक खदाखदा हसले, मीही हसले. आमच्या नांदेडवाल्यांचा तोरा तर असा की कप घरी पोचलाच. तासभर हे ऐटबाज लोक त्या पोरांवर एक गोल करू शकले नाहीत. तोरा फुकटचा असतो, गोल नसतो.

शेवटी शेवटी मुखेडच्या संगप्पाने कडेने चेंडू मारला. जाळी हलली, चेंडू मागे गेला. पंचांनी बाहेर म्हणून हात केला. मुखेडची पोरंही मान खाली घालून माघारी फिरली. कुणाचीच तक्रार नव्हती.

आणि आनंदराज पंचांकडे निघाला! त्यांना हाताला धरून आणलं आणि जाळी कुठे फाटलीय ते दाखवलं. चेंडू खांबाच्या आतून येऊन त्या भोकातून बाहेर गेला होता. गोल! त्याच गोलवर मुखेड जिंकलं. आमच्याच खेळाडूंनी आनंदराजला ढकललं, एकाने शिवी दिली. तिकडे वैजनाथ सर मातीत फतकल मारून बसले होते आणि पोरं त्यांच्या अंगावर पडून राहिली होती.

आनंदराज आमच्याकडे आला. माझ्या तोंडून गेलं, "कुणी विचारलं होतं का तुम्हाला?"

"चेंडू माझ्या डोळ्यापुढून गेला की."

"मग गप बसायचं."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "हाव," एवढाच होकार देऊन गेला.

२० जानेवारी

आत्याचं मत रातोरात फिरलं. "असला माणूस संसार काय करंल? घरातली भांडी बी लोकांना वाटून टाकंल." मला पटलं. शहाणे हातचा कप सोडत नसतात. बाबा मात्र जेवताना माझ्याकडे बघत राहिले, ते मला आवडलं नाही.

२२ जानेवारी

लॅबमध्ये एक गृहस्थ आले. शेषेराव नाव, हातात अंगठ्या, सोबत ड्रायव्हर. रक्तात साखर भरमसाट निघालेली. म्हणे रिपोर्टात कमी लिहा, विम्याला लागतं. मी नाही म्हटलं. "कोण बघून राहिलंय मॅडम?" मी म्हटलं, "मी बघितलंय की." शेषेराव म्हणाले, तुमच्यासारख्या मूर्ख लोकांनी देश बुडवला. असले लोक मला रोज भेटतात आणि त्यांचा मला मनापासून वीट आलाय.

घरी येताना पायऱ्यांवरच थांबले. रविवारी मैदानात मी शेषेरावच झाले होते. आनंदराजला गप बसायला सांगितलं, मी!

मला आनंदराज आवडलाय. लिहून टाकलं. उद्या सकाळी बाबांना हो म्हणून सांगायचं.

२३ जानेवारी

बाबांसमोर चहा ठेवला, तोंड उघडणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आनंदराजची आई. आवाज मोठा, मला सगळं ऐकू आलं — "पोरगी चांगली हाय हो. पण आनंदराज न्हाई म्हणून राहिला. म्हणतो, खरं बोललं की गप बसा म्हणणारी नको."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बरं झालं, मलाही तो आवडला नव्हता.