नकाशावरचा कुठलाही ठिपका

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि पत्र लिहायला बसलेय ती आज. कारण परवा मी ‘कुठेही’ जाऊन आले. म्हणजे खरोखरच कुठेही. कुपवाडच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने मोबाइलला सातारा-सांगलीतला कुठलाही एक ठिपका काढायला लावला. त्याने अक्षांश-रेखांश दिले आणि आम्ही तिच्या गाडीतून निघालो. भूगोलाच्या बाई तुम्ही, असता तर डबा घेऊन आमच्या आधी गाडीत बसला असतात.

हे वेड सुचलं डोळ्यांमुळे. मला काचबिंदू झालाय. कडेचं दिसणं कमी होत चाललंय, लांबचंही धूसर झालंय. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं. तेव्हापासून घरचे मागे लागलेत, काश्मीर बघून ये, काशी बघून ये. जणू निरोपच घ्यायचाय! उरलेली नजर कशावर खर्चायची तेच मला कळेना. मग वाईच्या शाळेतला तुमचा वर्ग आठवला. सहामाहीच्या पेपरात पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांबद्दल मी ‘येथे पाहण्यासारखे काही नाही’ असं ठोकून दिलं होतं. तुम्ही मला भर वर्गात उभं केलंत आणि आवाज न चढवता विचारलंत, “गेली होतीस का?” कृष्णेच्या घाटापलीकडे मी तरी काय पाहिलं होतं!

आमचा ठिपका नेमका तिकडेच निघाला, आटपाडीच्या पलीकडे. विटा मागे पडलं, ऊस विरळ होत गेला आणि मग नुसता माळ. आदल्या दिवशी सर पडून गेल्याने हवा धुतल्यासारखी झालेली. गाडी रस्त्याकडेला लावून आम्ही चालतोय. मोबाइल अगदी डोळ्यांशी धरून मी दोन पावलं डावीकडे, एक मागे, परत पुढे. भाची ओरडते, “मावशी, थांब, हेच!” तेवढ्यात शेळ्या राखणारी एक म्हातारी लगबगीने येते आणि माझ्या पायांकडे बोट दाखवते.

“आवं ताई, पायताण काढा की! पानी बघताना पायात कोण ठेवतंय व्हय?”

तिने मला पाणाडी समजलं होतं. तिकडे बोअर मारण्याआधी जमिनीतलं पाणी सांगायला माणूस बोलावतात. तो तळहातावर नारळ धरून असाच मागे-पुढे फिरतो. नारळाऐवजी आता मोबाइल आला असेल, असं तिला वाटलं. मी मुकाट्याने चपला काढल्या आणि मग सांगितलं, की पाण्यातलं मला काही कळत नाही.

“मग आलाय कशाला?”

“ही जागा बघायला.”

“खडं आन् कुसळं बघायला?” ती पोट धरून हसली. “लय भारी हायसा की!”

पण बाई, मी बघत होते. तळव्यांखाली ओलसर मुरूम, दोन खड्यांच्या बेचक्यात नखाएवढं जांभळं फूल, आणि डोक्यावर कुठेतरी गात सरळ वर चढणारा चंडोल. मी येणार हे कुणीच ठरवलं नव्हतं, आणि कुणी येवो न येवो, हे सगळं इथे चाललेलंच होतं. इतकं डोळे भरून मी कुठल्याही देवळात पाहिलेलं नाही.

“काय दिसतंय, मला बी बघू द्या,” म्हणत म्हातारी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. माझ्यासारखंच समोर तोंड केलं आणि कपाळावर आडवा हात धरला.

“आगं बया! त्या दोन टेकड्यांच्या मधी बगा. माझ्या म्हायेरचा डोंगर हाय त्यो! शेळ्यांच्या मागं जलम गेला, मान वर कवा केली व्हती? वरचं देऊळ बी दिसतंय.” तिने माझं मनगट घट्ट धरलं. “दिसतंय न्हवं, ताई?”

“दिसतंय की,” मी म्हणाले.

तिचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. तोंडाला पदर लावून ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेवढं मी अगदी स्वच्छ पाहिलं, एकेक सुरकुती.

या पत्राला पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच लिहिते. भाचीलाही हे सांगितलेलं नाही. टेकड्यांच्या मध्ये मला नुसता पांढरा उजेड दिसत होता. डोंगर मला दिसलाच नाही, बाई. तरी ‘दिसतंय’ म्हणाले, आणि खोटं बोलल्यासारखं अजून वाटत नाही.