बटण तुटायची वेळ

प्रिय मनी,

फोन केला की तुझे बाबा शेजारच्या खुर्चीत येऊन बसतात आणि 'स्पीकरवर टाक, स्पीकरवर टाक' करतात, म्हणून आज कागद घेऊन बसले. ते आत्ता कामावर गेलेत, पण हे सगळं फोनवर बोलून सांगणं मला जमणार नाही. घर शांत आहे. सवय गेल्यामुळे अक्षर वेडंवाकडं येतंय, सांभाळून घे. बाकी सगळं ठीक. त्यांचं बीपी ताब्यात आहे, माझा गुडघा अधूनमधून हजेरी लावतो, आणि वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी माझी किसणी अजून परत केलेली नाही. म्हणजे पत्र आलं म्हणून घाबरून जाऊ नकोस. पण बाबा कंपनीत नक्की काय करतात, हे तुला सांगायची वेळ आली आहे, आणि ते स्वतः जन्मात सांगणार नाहीत.

आपलं बटणं-दोऱ्यांचं दुकान तर तुला आठवतच असेल. रिकाम्या रिळांची आगगाडी करून तू काउंटरखाली बसायचीस आणि गिऱ्हाइकांच्या चपलांशी बोलायचीस. पुलापलीकडे मॉल उघडला तेव्हा तू नुकतीच नोकरीला लागून तिकडे गेली होतीस. गल्लीतले सगळे धास्तावले होते, फक्त बाबा हसत होते. म्हणायचे, 'लोक शर्ट घ्यायला जातील तिथे, खुशाल जाऊ देत. पण बटण तुटल्यावर कुठे जातील? फिरून माझ्याकडेच.' घड्याळवाल्या काकांना आणि चपलावाल्यालाही हेच सांगून धीर द्यायचे. काही दिवस खरंही झालं ते. पण मॉलमध्ये शर्ट इतके स्वस्त झाले की बटण आणून ते लावून घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. दवाखान्यातल्या त्या सिस्टर, आपलं नेहमीचं गिऱ्हाईक, एकदा रस्त्यात भेटल्या. बाबांनी सहज विचारलं, बऱ्याच दिवसांत आला नाहीत. तर हसून म्हणाल्या, 'अहो, आता बटण तुटलं की शर्टच टाकून देते, कोण बसणार सुईदोरा घेऊन!' बाईंच्या मनात काही नव्हतं गं. पण बाबा दुकानात आले आणि दिवसभर खणांमधली बटणं रंगांप्रमाणे लावत बसले. आधीच लावलेली होती ती.

गल्लीच्या टोकाला गॉगलचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. घरातसुद्धा डोक्यावर गॉगल चढवून बसायचा, तोच. शाळा सुटली की त्याच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. मग त्या मॉलवाल्या कंपनीचाच एक गेम आला, फोनवर, फुकट. त्यात आपण एक दुकान चालवायचं. गिऱ्हाइकं येतात, माल द्यायचा, गुण मिळवायचे, आणि त्या गुणांवर मॉलमध्ये सूट. पोरं गॉगलच्याच पायरीवर, त्याच्याच पंख्याच्या वाऱ्याला बसून तो गेम खेळायला लागली. आत मशीन रिकामी. तो बिचारा हाकलतही नव्हता, म्हणायचा, तेवढीच सोबत. आणि तुला हसू येईल, पण तुझे बाबाही तो गेम खेळायला लागले. मी डबा घेऊन गेले, तर हे मान खाली घालून बोटं फिरवतायत. मी म्हटलं, अहो, स्वतःच्या दुकानात माशा मारायच्या आणि दुसऱ्याच्या दुकानात राबायचं, हे कुठलं शहाणपण? तर मान वर न करता म्हणाले, 'थांब जरा, गर्दी आहे.'

पुढचं तुला माहीत आहे. मालकाने अख्खी इमारत कंपनीला विकली आणि आम्हां भाडेकरूंना निघावं लागलं. तुला जे माहीत नाही ते असं, की निघायच्या आधी कंपनीची माणसं आली होती. फार गोड बोलणारी मुलं. टेप लावून दुकान मोजलं, काउंटरचे, पाटीचे, खणांच्या कपाटाचे फोटो काढले, कपाट विकतही घेतलं. बाबांना वाटलं, चला, कुणाला तरी किंमत आहे. मग कळलं, की मॉलच्या मागे ते मोठी बाग उभारतायत, पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, भुताचं घर, आणि त्यात एक 'जुनी बाजारपेठ'. आपली गल्ली पाडून तिथे गाड्या लावायची जागा केली आणि तिकडे आत दुसरी गल्ली बांधली, आपल्यासारखीच, फक्त गटार नाही आणि कुत्री नाहीत. आणि बाबांना विचारलं, काका, तुम्हीच बसाल का आपल्या दुकानात?

बाबा काय म्हणणार होते, तूच सांग. घरी बसून ते माझ्या डब्यांची झाकणं मोजायला लागले होते. हो म्हणाले. तुला 'कंपनीच्या स्टोअरला बसतो' असं सांगितलं, तेही तसं खोटं नाही. तिथे त्यांना जाकीट आहे, गोल टोपी आहे, काड्यांचा चष्मा आहे आणि मिशी आहे. उभ्या आयुष्यात ज्या माणसाने ओठावर केस ठेवला नाही, त्याला रोज सकाळी डिंकाने झुपकेदार मिशी चिकटवतात, कारण गेममधल्या दुकानदाराला ती आहे. संध्याकाळी घरी येतात तेव्हा वरचा ओठ लाल झालेला असतो. मी खोबरेल तेल लावून देते.

घरच्यांसाठी पास मिळतो, त्यावर एकदा मी जाऊन आले. गर्दीच्या मागे, भिंतीला टेकून उभी राहिले. कपाट आपलंच गं, त्या कोपऱ्यावर तू दाताने केलेली खूणसुद्धा आहे. पण खण उघडत नाहीत. सगळे चिकटवून टाकलेत, म्हणे मुलं बोटं चेंगरून घेतील. तिथे काही विकत नाहीत. लोक फोन समोर धरतात, टुंग वाजतं, गुण मिळतात. बाबांनी हात पसरून म्हणायचं, 'या, या! काय देऊ?' आणि द्यायचं काहीच नाही.

थंडीच्या दिवसांत एक प्रकार झाला. एक बाई लहान मुलाला घेऊन आली होती. त्याच्या कोटाचं गळ्याजवळचं बटण तुटलं होतं आणि पोर कुडकुडत होतं. बाबांच्या खिशात चार बटणं आणि टोपीच्या आत दोरा ओवलेली सुई असते, ती सवय काही सुटली नाही. त्यांनी त्या मुलाला काउंटरवर बसवलं, जुळतं बटण काढलं आणि लावून दिलं. दोरा दाताने तोडला. आजूबाजूला माणसं गोळा झाली, कुणीकुणी फोनवर चित्रण केलं. बाबांचं कुणाकडे लक्ष नव्हतं. त्या दिवशी घरी आले ते शीळ घालत. मागून आमटी घेतली. म्हणाले, 'आज गिऱ्हाईक आलं होतं.' मनी, किती दिवसांनी मी त्यांचा तो आवाज ऐकला असेल!

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मॅडमनी बोलावलं. बाबांना वाटलं, संपलं, सुई आत आणली म्हणून घालवणार. पण मॅडम खूश होत्या. ते चित्रण म्हणे हजारो लोकांनी पाहिलं, वरपर्यंत पोचलं, वरच्यांनाही फार आवडलं. आणि वरच्यांना आवडलं की त्याचं वेळापत्रक होतं. आता दर तासाला गल्लीत घंटा वाजते. कंपनीतलीच एक मुलगी कोट घालून गर्दीतून येते आणि तिचं बटण तुटतं. मोठं लाल बटण, बशीएवढं. बाबा 'अरे अरे अरे!' म्हणतात आणि शिवायला बसतात. सुई नाही. सुरक्षेचा नियम आहे. दोराही नाही. रिकामी बोटं वरखाली करायची, दात करकर वाजवून दोरा तोडल्यासारखं करायचं आणि बटण दाबायचं, ते चिकटतं. टाळ्या पडतात. मग पुढच्या तासाला ते पुन्हा तुटतं. खिशातली बटणं आणि टोपीतली सुई दारावरच काढून घेतात.

बाबांनी नको म्हणून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, 'काका, लोक तेवढ्यासाठी येतात, आणि मी तरी कुणाला सांगू?' त्यांचंही खरंच. तिशीची पोरगी, सहा-सहा महिन्यांच्या करारावर आहे. तिचे साहेब दुसऱ्या शहरात, त्यांचे साहेब आणखी कुठे. गॉगलही आता तिथेच आहे, पाळण्यातल्या माणसांच्या मांडीवर दांडा खाली करतो, आणि बाबांना स्कूटरवरून घरी सोडतो. एकदा जिन्यात मला म्हणाला, 'काकू, भांडायला तयार आहे मी, पण कुणाशी ते दिसू तर दे.' वाईट वागतंय असं कुणी नाही. पगार वेळेवर येतो. जेवायला देतात. तक्रार करायची म्हटली तर तोंडात शब्द येत नाहीत. नोकरी सोडा म्हणावं, तर घरी बसवून मी त्यांना काय देऊ? त्यांना घरी पाहवत नाही आणि तिथेही पाहवत नाही.

आता हे सगळं आजच लिहून कुरियरने का धाडते आहे ते सांगते. मंगळवारी तू मला ते चित्रण पाठवलंस. खाली लिहिलंस, 'आई, बघ किती गोड आजोबा आहेत! ठकी दिवसातून दहा वेळा बघते.' बाबा माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, दोनदा पाहिलं आणि परत दिला. म्हणाले, 'चांगली मिशी लावतात, पोरीनेसुद्धा ओळखलं नाही.' मनाला लावून घेऊ नकोस, बाळा. टोपी, चष्मा, वर ते गाणं लावलेलं. मी बायको असून मलाही सांगितलं नसतं तर कळलं नसतं. मग काल तुझा फोन आला, की जावईबापूंच्या ऑफिसने सगळ्यांना पास दिलेत, रविवारी सकाळी थेट बागेत जाणार, ठकीला मिशीवाले काका दाखवणार आणि मग संध्याकाळी आमच्याकडे. बाबांनी लगेच रविवारची सुट्टी मागितली. रविवारी कुणालाच मिळत नाही. ठकीला ताप आलाय असं सांग, बाग बंद आहे असं सांग, असं त्यांनी मला सुचवून पाहिलं आणि मग स्वतःच म्हणाले, 'नको, पोर हिरमुसेल.' आज सकाळी दाढी करताना आरशात बघून तेच वाक्य हळूहळू म्हणत होते, 'या, या! काय देऊ?' ओळखीचं कुणी आलं तरी ओळख दाखवायची नाही असा नियम आहे, आणि नातीपुढे आवाज फुटू नये म्हणून त्यांची तयारी चालली होती. येऊ नकोस म्हणून मला सांगवत नाही, ये म्हणूनही सांगवत नाही. आलीस तर एवढंच कर. त्यांच्या डोळ्यांकडे फार वेळ बघू नकोस, रांगेत उभी राहा, आणि तुझा नंबर आला की त्यांना काका म्हण.

तुझीच,
आई