भिंतीपलीकडचं रडणं

५ मार्च

पान्हा अजून नाही. नर्सबाई म्हणतात, “अंगाला लावत राहा, येईल.” लावतेय की! बाळ ओढून ओढून दमतं आणि मग माझ्याकडे बघत राहतं. डब्याचं दूध वाटी-चमच्याने दिलं. घेतलं, आणि थोड्याच वेळात माझ्या खांद्यावर परत केलं.

६ मार्च

बाळाचं वजन आणखी उतरलं. डॉक्टरांनी दुसरा डबा लिहून दिलाय. नवरा म्हणाला, “तू काळजी करू नकोस.” आणि स्वतः मात्र पुसलेला ओटा पुन्हा पुन्हा पुसत होता. मला भीती वाटते. इथे लिहिते, बाहेर बोलत नाही.

पलीकडच्या घरात मोठ्या जाऊबाई. आमच्या दोन घरांत एकच भिंत. त्यांची ढब्बी पाच-सहा महिन्यांची, गालांत डोळे हरवलेली. आमचं बोलणं बंद आहे. मी त्यांचा कुकर परत केला तेव्हा त्याला शिट्टी नव्हती. त्या म्हणतात मी हरवली, मी म्हणते आलाच तसा. शिट्टी गेली ती गेली, बोलणंही गेलं.

८ मार्च

दुपारी बाळाने रडून घर डोक्यावर घेतलं. नव्या डब्याचं दूधही उलटून टाकलं होतं. दार वाजलं — जाऊबाई! ब्लाउजवर दोन्हीकडे ओले डाग, पदर कसाबसा ओढलेला.

“आण इकडे त्याला. भिंतीतून ऐकू येतं मला. काम सुचत नाही.”

मी बाळाला आणखी जवळ धरलं.

“अगं, माझं भांडण तुझ्याशी आहे, ह्याच्याशी नाही. दे.”

दिलं. गटागट प्यायला, लबाड! मला हायसं वाटलं आणि पोटात जळलंही. दोन्ही खरं.

११ मार्च

रोज येतात. बसतात, पाजतात, जातात. शिट्टीचं नाव कुणी काढत नाही. वजन चढू लागलंय. नंतर मीही लावते त्याला, थेंबभर येतं. मी म्हटलं, एवढ्याशाने काय होतंय. “थेंबे थेंबे तळे साचे. आधी जेवून घे नीट.” — अबोला धरलेली बाई असं बोलते का?

१३ मार्च

नवा डबा पचायला लागला. अंगावरचंही जरा जास्त आलं. शांत दिवस.

१४ मार्च

जाऊबाई आल्या नाहीत. मोठे दीर दारातूनच सांगून गेले — ताप आहे, औषध कडक आहे, पाजायचं बंद केलंय. ढब्बी बाटलीला तोंडच लावत नाही म्हणे.

१५ मार्च

सकाळी कपडे वाळत घालत होते. बाळ पोटभर पिऊन झोपलेलं. भिंतीपलीकडे ढब्बी रडायला लागली, तिच्या त्या जाड आवाजात. आणि माझा ब्लाउज भिजला. दोन्हीकडे!

चिमटे हातात तसेच घेऊन त्यांचं दार वाजवलं. म्हटलं, “आणा इकडे तिला.”