आईच्या एकेचाळीस स्लाइड

सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

आजही सांगितलं नाही.

आई भाजी फोडणीला टाकता टाकता म्हणाली, "तांपेरेत तुझं काम नेमकं काय होतं ते एकदा नीट सांग गं. निरोपाच्या दिवशी लोक विचारतील." मी म्हणाले, "बस, इमेज रेकग्निशन था, आई." आणि कोथिंबीर निवडत बसले. जे काम तिच्याच बारा वर्षांच्या मेहनतीवर केलं, ते तिलाच दोन शब्दांत गुंडाळून दिलं.

इथे तरी खरं लिहावं. ही वही फिनलंडमध्ये, तांपेरेला सुरू केली ती त्यासाठीच. बोलताना तोंडात हिंदी येते, पण स्वतःशी बोलायला मला मराठीच लागते.

तर खरं हे — आई इथल्या, लखनऊमधल्या एका संशोधन संस्थेत परागकण मोजते. गच्चीवरचं यंत्र दिवसभर हवा ओढतं, त्यात जे चिकटतं त्याची रोज एक स्लाइड होते. आई ती मायक्रोस्कोपखाली बघते आणि लिहिते, कोणत्या झाडाचे कण, किती. दम्याच्या लोकांनी कुठल्या महिन्यात जपायचं ते त्यावरून ठरतं. माझी इंटर्नशिप झाली ती कंपनी हेच काम कॅमेऱ्याकडून करून घेते. मशीनला शिकवायला म्हणून संस्थेने त्यांना आईच्या सगळ्या स्लाइडचे फोटो दिले होते. तिथे इंटर्न घेतात हे मला आईकडूनच कळलं होतं.

ऑक्टोबरमध्ये मला त्यात एक घोळ सापडला. १२ जानेवारी ते २१ फेब्रुवारी २०२३, एकेचाळीस स्लाइड. आईने लिहिलंय, चिलबिल, म्हणजे आपला वावळ. मशीन म्हणतं, एरंड. आणि चिलबिल फुलतो फेब्रुवारी सरता सरता. म्हणजे आई चुकली, ओळीने एकेचाळीस दिवस.


शुक्रवार, ६ फेब्रुवारी

शुक्रवार आला की तांपेरे आठवतं.

तिथे दर शुक्रवारी सगळे कॉफीला जमायचे आणि प्रत्येकाने त्या आठवड्यातली स्वतःची एक चूक सांगायची. इकडे कॉलेजमध्ये चूक झाली की आधी ती कुणावर ढकलायची ते आम्ही ठरवायचो. पहिल्याच शुक्रवारी किर्सीने (माझी मार्गदर्शक) सांगितलं की तिच्या हातून दहा दिवसांचा डेटा पुसला गेला. सांगून झाल्यावर तिने दुसरं बिस्किट घेतलं! कुणी ओरडलं नाही. मग मीही हळूहळू बोलायला लागले. माझा कोड चुकला, मला समजलं नाही, मी विचारायला घाबरले. इंटर्नशिपमध्ये काय शिकलीस असं कुणी विचारलं तर हेच खरं उत्तर आहे. प्रोग्रॅमिंग लखनऊमध्येही शिकता आलं असतं.

आणि मग ऑक्टोबरमधला तो शुक्रवार. मी म्हणाले, "माझी चूक ही, की माणसाने लिहून दिलेल्या नावांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवला." पडद्यावर आईच्या स्लाइड दाखवल्या. लोक हसले. नंतर टाळ्या वाजवल्या. किर्सी म्हणाली, हे इंटर्नच्या पातळीचं काम नाही. तो माणूस म्हणजे माझी आई, हे एकट्या किर्सीला माहीत होतं. बाकीच्यांना मी कळू दिलं नाही.

स्वतःची चूक म्हणून मी आईची चूक विकली. त्या एकेचाळीस स्लाइड काढून टाकल्या, मशीनला पुन्हा शिकवलं, डिसेंबरात ते विकायलाही गेलं.


रविवार, ८ फेब्रुवारी

बाबा म्हणतात, "परत आल्यापासून आईशी फारच गोड वागते आहेस. काय हवंय?"


बुधवार, ११ फेब्रुवारी

आई या महिन्यात रिटायर होते. सत्तावीसला निरोप समारंभ आहे. त्या दिवशी संस्था तिच्या नावाने परागकणांचं कॅलेंडर काढणार, शहरातल्या दवाखान्यांत लावायला. त्याचं प्रूफ आज घरी आलं. प्रत्येक झाडापुढे एक रंगीत पट्टी, कुठल्या महिन्यात जपायचं ते दाखवणारी. चिलबिलची पट्टी जानेवारीच्या मध्यापासून सुरू होते, फिकट रंगात. खाली टीप आहे, काही वर्षी लवकर.

आई चष्मा नाकावर ओढून हिंदी मजकुरातल्या मात्रा तपासत होती. माझी नजर त्या फिकट पट्टीवरून हलेना. हे डॉक्टर भिंतीवर लावणार, आईच्या नावासकट. आणि मला माहीत असून मी गप्प! सहा महिने अनोळखी लोकांसमोर दर शुक्रवारी तोंड उघडत होते, निशातगंजच्या आमच्या या दोन खोल्यांत मात्र जीभ उचलत नाही.


शनिवार, १४ फेब्रुवारी

सांगितलं.

आई आणि मी मटार सोलत होतो. बाबांना सुट्टी होती, ते पेपर वाचत होते. मी एकदम म्हणाले, "आई, वो कॅलेंडर रुकवा दो." मग सगळं बोलून टाकलं. स्लाइड, मशीन, शुक्रवार, टाळ्या.

आईचे हात थांबले नाहीत. "कुठल्या वर्षीच्या?"

"तेईस."

"किती?"

"एकेचाळीस."

"हं," म्हणाली. पुढची शेंग उचलली.

बाबांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे परदेशात जाऊन आईला नापास करून आलीस."

"अहो, राहू द्या," आई म्हणाली. "सोमवारी काढते त्या स्लाइड. बघते."

रागावली असती तर बरं झालं असतं. उसळ नेहमीसारखीच झाली होती.


मंगळवार, १७ फेब्रुवारी

आई आठ वाजताच संस्थेत जाते. दिवसाला दहा-अकराच स्लाइड होतात म्हणते, नंतर डोळे चुरचुरतात. "मैं चलूँ साथ में?" विचारलं. "नको," म्हणाली. साठ वर्षांच्या बाईला नोकरीच्या शेवटच्या पंधरवड्यात मी परत परीक्षेला बसवलं आहे.


शुक्रवार, २० फेब्रुवारी

दुपारी आईचा फोन आला, "ये." ई-रिक्शाने गेले. तिची खोली लहानपणी पाहिली होती तशीच आहे, फक्त कपाटं रिकामी झालीत. तिने मला मायक्रोस्कोपसमोर बसवलं आणि म्हणाली, "मोज."

दाणे चुरगळलेले होते, हवा गेलेल्या फुग्यांसारखे. आई शेजारी उभी राहून सांगत होती, "त्या जानेवारीत धुकं हटतच नव्हतं. ओल लागली की यांचं असं होतं. वरवर बघितलं तर एरंड वाटतो. पण एरंडाला तीन लांब चिरा असतात, चिलबिलला चार-पाच गोल भोकं. हे चाक हळू फिरव. दिसलं?"

दिसलं. गोल भोकं, काठाने. पाच. दुसऱ्या दाण्याला पाच. पुढच्या स्लाइडवर पाच, चार, पाच. नऊ स्लाइड मी मोजल्या, दहावी मागायची हिंमत झाली नाही.

मग तिने तेवीस सालची वही उघडून पुढे ठेवली. १४ जानेवारी : बख्शी का तालाब गावाच्या रस्त्याला तीन चिलबिल फुललेत, स्वतः पाहिले. फांदी आणली. फांदीसुद्धा आहे, कागदात दाबून ठेवलेली.

"अडतीस बरोबर आहेत," आई म्हणाली. "तीन माझ्या चुकल्यात. त्यांचे नंबर लिहून घे."

तांपेरेहून मी आईशी रोज वीस मिनिटं बोलायचे. जेवलीस का, थंडी किती, स्वेटर घातलास का. त्यात एकदा विचारायचं होतं, आई, तेवीसच्या जानेवारीत काय झालं होतं? एक प्रश्न. मी विचारला नाही, कारण मला सापडलेली चूक मला फार आवडली होती. लाज वाटते लिहायला, पण हेच कारण आहे.


शनिवार, २१ फेब्रुवारी

किर्सीला ईमेल लिहिला. अडतीस स्लाइड बरोबर होत्या. मी त्या काढायला लावल्या. आता ओल लागलेला चिलबिल तुमच्या मशीनला ओळखता येणार नाही, हवेत असला तरी ते एरंडच म्हणेल, आणि दम्याचा माणूस त्यावर विसंबून बाहेर पडेल. चूक माझी. मी आईला विचारलंच नाही.

जूनपासूनच्या तिथल्या कायम नोकरीचं पत्र याच महिन्यात यायचं होतं. ते आता येईल असं वाटत नाही. पाठवायचं बटण दाबण्यात अख्खी दुपार गेली. दाबलं.

आईला सांगितलं. ती एकदम वळली. "एवढं कशाला लिहिलंस? तुझी नोकरी आहे ना तिथे?" आठवडाभरात पहिल्यांदा तिचा आवाज चढला.


मंगळवार, २४ फेब्रुवारी

उत्तर नाही. कॅलेंडर छापायला गेलं, जानेवारीच्या पट्टीसकट.


गुरुवार, २६ फेब्रुवारी

किर्सीचं उत्तर आलं. मशीनला परत शिकवणार आहेत, नोकरीचं पुढच्या महिन्यात बोलू म्हणते. शेवटी लिहिलंय, मला एक समजत नाही. ऑक्टोबरमधल्या त्या शुक्रवारी तुझं बोलणं झाल्याबरोबर मी तुझ्या आईला ईमेल करून विचारलं होतं. तासाभरात तिचं उत्तर आलं की रुचाचं बरोबर आहे, चूक माझी, सगळ्या स्लाइड काढून टाका.

तासाभरात. एकही स्लाइड न बघता. आणि मटार सोलताना मलाच विचारत होती, कुठल्या वर्षीच्या, किती!

आई उद्याच्या साडीला इस्त्री करत होती. मी फोन तिच्यासमोर धरला आणि विचारलं, का?

तिने वाचलं. इस्त्री बाजूला उभी केली. म्हणाली, "तू तिथे नवीन होतीस."