टॉलिव्हरला निघण्यापूर्वी

मी, नेमसिंग पूनमसिंग आडे, वय ७२ वर्षे, निवृत्त फिटर, राहणार लोहारा, यवतमाळ, मूळचा उमरखेड तालुक्यातल्या तांड्यावरचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. असे लिहिण्याचा रिवाज आहे हे मला ठाऊक आहे, पण मी ते माझा मुलगा बबलू याला शंका आहे म्हणून लिहितो. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात हृदयात दोन स्टेंट असल्याची नोंद आहे, डोक्याबद्दल तक्रार नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट, जाऊ नका म्हणून सगळ्यांचाच दबाव आहे.

यापूर्वी तीन वेळा लिहिले आणि फाडले. ते तिन्ही कागद रद्द समजावेत. हाही लिहिताना मी दोनदा उठून अंगणात जाऊन आलो आहे.

कलम १. येत्या १६ ऑक्टोबरला मी नागपूरहून निघून अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिना राज्यात टॉलिव्हर या शहरी जात आहे. दिवाळीनंतर जा, असे बबलू म्हणाला. मला थांबवत नाही. या प्रवासात काही बरेवाईट झाले तर मागे घोळ राहू नये, म्हणून हा कागद.

कलम २. लोहाऱ्याचे घर माझी पत्नी रामीबाई हिच्या हयातीत तिचे. तिला कोणी इकडून तिकडे हलवू नये. तिच्या पश्चात घर संगीता व बबलू यांचे, अर्धे अर्धे. तांड्यावरचे साडेतीन एकर वावर बबलूला. त्याचे दुकान उमरखेडला आहे, वावर त्याच्या वाटेवर पडते.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे पान्यांचा पूर्ण संच, दोन मायक्रोमीटर, बेअरिंग काढायचा पुलर आणि लाकडी पेटी, माझी मुलगी संगीता हिला. बबलूने वाईट वाटून घेऊ नये. त्याला पाना कसा धरतात ते अजून कळलेले नाही. संगीता जिल्ह्यातल्या ज्या सूतगिरणीत माझ्या हाताखाली शिकली, तिथे मशीनचा बिघाड ती आवाजावरून ओळखायची. हे मी तिला कधी तोंडावर म्हटले नाही. आता लेखी म्हणतो.

कलम ४. श्री. विठ्ठलराव, त्याच सूतगिरणीचे माजी मॅनेजर, यांना माझ्याकडून काही नाही. माझ्या तेराव्याला त्यांना बोलावू नये. आले तर जेवू घालावे, पण माझ्याबद्दल चार शब्द बोलायला उभे करू नये.

याचे कारण सांगायचे तर टॉलिव्हर सांगावे लागेल.

कलम ५. टॉलिव्हर आपल्या उमरखेडपेक्षा लहान आहे. तरी वेशीवरच्या पाटीवर ‘सिटी ऑफ टॉलिव्हर’ असे लिहिलेले. २००३ साली आमच्या गिरणीच्या मालकांनी तिथल्या बंद पडलेल्या गिरणीची जुनी मशिने विकत घेतली. ती खोलून, नंबर टाकून, कंटेनरमध्ये भरायला विठ्ठलरावांसोबत आम्ही चौघे फिटर गेलो. तीन महिन्यांचे काम म्हणून गेलो आणि आठ महिने राहिलो. त्या वर्षी पेरणी, निंदण, वेचणी सगळे रामीबाईने एकटीने केले. तिचा त्याबद्दलचा राग न्याय्य आहे, असे मी येथे कबूल करतो.

त्या शहराला एक नदी, नदीला धबधबा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणा एकाने धबधब्यावर बांध घातला, पाण्यावर गिरणी चालवली, आणि गिरणीभोवती शहर वसले. भोवताली कापसाची वावरे. घरे गिरणीची, दुकान गिरणीचे, चर्चसुद्धा गिरणीने बांधून दिलेले. १९३४ साली संप झाला तेव्हा छपरांवर बंदूकवाले उभे होते, आणि संपात होता कोण, नव्हता कोण, यावरून दोन घरे आजही एकमेकांशी बोलत नाहीत, असे मला सांगण्यात आले. रेल्वेचे रूळ शहराच्या मधून जातात. रुळांच्या अलीकडे गोरे, पलीकडे काळे. तांडा गावाबाहेर का असतो हे मला कोणी समजावून सांगावे लागले नव्हते, ते रूळही मला लगेच समजले.

माणसे मात्र अदबीची. गाडी चालवताना समोरून येणाऱ्याला स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून नमस्कार करतात. शुक्रवारी शाळेच्या पोरांचा फुटबॉल असला की सगळे शहर कुलूप लावून मैदानावर. पण सहाशे चाळीस माणसांचे काम नाताळच्या तोंडावर गेले होते, आणि आम्ही त्यांची मशिने न्यायला आलेले परके. मशिनांची देखभाल करणारा व्हर्नन नावाचा म्हातारा जॉबर कॉफीच्या हॉटेलात मला म्हणाला, “आमचं शहर तू पेट्यांत भरून नेतोयस.” दुसऱ्या दिवशी त्यानेच घरचे टमाटे आणून दिले. मला राहवेना. जेवणाच्या सुट्टीत मी रस्त्यांवरून नुसता चालत सुटायचो. बंद दुकाने, झाडलेले अंगण, पुन्हा बंद दुकान.

कलम ६. सौ. एटा नावाची एक काळी बाई रोज सकाळी घडीची खुर्ची घेऊन गिरणीच्या दारात येऊन बसायची. सदतीस वर्षे तिने चौदा नंबरच्या रिंगफ्रेमवर सूत काढले होते. १९६५ पर्यंत काळ्या माणसांना फक्त अंगणातले गठ्ठे उचलण्याचे काम मिळे. आत मशीनवर घेतलेल्या पहिल्या अकरा बायांपैकी ती एक. आत हॉलमध्ये एका लाकडी खांबावर तीन पिढ्यांच्या कामगारांनी आपापली नावे कोरली होती. या अकराजणींना तिथे नाव कोरू दिले नाही. मग त्यांनी चौदा नंबरच्या गिअरकडचा पत्र्याचा दरवाजा उघडला आणि आतल्या बाजूने खिळ्याने नावे कोरली. एटा, लुएला, पर्ल, आणखी आठ. मुकादम रोज तो दरवाजा बाहेरून पुसून घ्यायचा, आत काय आहे ते त्याला सदतीस वर्षे कळले नाही. हे सांगताना ती इतकी हसली की खुर्ची हलली.

आम्ही चौदा नंबरपर्यंत पोहोचलो तेव्हा ती उठून आत आली. आडेचे ती एडी करायची. म्हणाली, “मिस्टर एडी, मशीन न्या. दरवाजा मला द्या.”

मी विठ्ठलरावांना विचारले. ते म्हणाले, “आडे, करारात मशीन पूर्ण लिहिली हाय. एक पत्रा कमी चालनार नाही. अन् तुले कायले पाहिजे तिची पंचाईत? सुपरवायझर व्हायचं हाय ना तुले?”

व्हायचे होते. तसला पत्रा मी लोहाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये अर्ध्या दिवसात कापून, वाकवून, बसवून दिला असता. हे विठ्ठलरावांना माहीत नव्हते, मला माहीत होते. मी बोललो नाही. दरवाजावर माझ्याच हाताने खडूने चौदा लिहिले आणि पेटीत ठेवला. ती बघत होती. खुर्चीची घडी घालून ती म्हणाली, “घरी सुखरूप जा, मिस्टर एडी.” नंतर ती आली नाही. परत आल्यावर मी सुपरवायझर झालो.

तेव्हा विठ्ठलरावांवरचा माझा राग अर्धाच खरा आहे. कलम ४ तरीही कायम.

कलम ७. आणखी एक लिहायचे राहिले. चौदा नंबर आमच्या गिरणीत चालू झाल्यावर त्यावर संगीता कामाला लागली. तेल घालताना तिने दरवाजा उघडला आणि मला हाक मारली. “बा, हे कोनाचे नावं हाय?”

मी म्हटले, “मशीन बनवनाऱ्याईचे.”

“बायाईचे नावं दिसून राह्यले.”

“काम कर आपलं,” मी म्हटले.

त्यानंतर दहा वर्षे ती मशीन चालली. मी तिच्यासमोरून रोज जात होतो आणि दरवाजा कधी उघडला नाही. तेल दुसऱ्याला घालायला लावायचो. २०१४ साली आमचीही गिरणी बंद पडली. मशिने भंगारात निघाली. त्या दिवशी मात्र मी सायकलने यवतमाळला भंगारवाल्याकडे गेलो आणि ढिगातून तो दरवाजा शोधून काढला. घरी आणून संगीताला खरे सांगितले. ती म्हणाली, “मले तवाच सांगतले असते, त मी त्याईच्या खाली आपलं नाव कोरलं असतं. आता काहून सांगून राह्यले?”

कलम ८. टॉलिव्हरच्या गिरणीच्या पत्त्यावर मी चार पत्रे पाठवली, चारही परत आली. यंदा फेब्रुवारीत संगीताने तिथल्या वाचनालयाला ईमेल केला. उत्तर एटाबाईंच्या मुलीचे आले. नाव जॉयस. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, पाय गेले, स्मरण शाबूत आहे. आईने विचारले आहे की हा त्या चौघांतला उंच माणूस, की शीळ घालणारा?

मी शीळ घालणारा. त्या दिवसापासून माझ्याने एका जागी बसवत नाही. व्हिसासाठी मुंबईला गेलो तेव्हा खिडकीतल्या साहेबाने विचारले, जाण्याचे कारण काय? मी सांगितले, एक दरवाजा परत करायचा आहे. त्याने पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच सांगितले.

बबलू म्हणाला, “बा, कुरिअर करून द्या ना. छातीत दोन स्प्रिंगा घेऊन कुठं जाता?” त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे. पण पेटीत तो मी हाताने भरला होता.

कलम ९. सबब, दोन फूट बाय दीड फुटाचा हा पत्र्याचा दरवाजा माझ्या मालमत्तेत धरू नये. तो माझा नाही, मी फक्त त्याच्यासोबत आहे. वाटेत माझे काही झाल्यास तो ताब्यात घेऊन टॉलिव्हरला पोचवण्याची जबाबदारी संगीतावर, आणि तिच्या तिकिटासाठी पोस्टातली माझी ठेव मोडावी. एटाबाई तोपर्यंत नसतील तर जॉयसच्या हातात द्यावा. संगीताने तिथे माझ्या वतीने माफी मागू नये. ती मागायची तर मलाच आहे. माझ्याकडून राहिली तर राहिली.

या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठीही मी संगीताचीच नेमणूक करतो.

कलम १०. माझी सायकल शेजारचे रामधन जाधव यांना. ते ती न विचारता नेतच असतात.

कलम ११. मी तिकडेच मरण पावल्यास देहाची व्यवस्था कशी करावी, हे या कलमात लिहायचे होते. त्यासाठी आज दुपारी हा कागद रामीबाईला वाचून दाखवला. ती तुरीची डाळ निवडत होती. सगळे ऐकले, कलम ५ पुन्हा एकदा वाचायला लावले. एटाबाई जेवायला काय करते, असे विचारले. मग अकरावर आलो तेव्हा तिने माझ्या हातातला पेन काढून घेतला.

“तिथं मेले त मी घ्याले येनार नाही,” ती म्हणाली. “लिहू नका ते. जित्ते वापस या.”

म्हणून या कलमात कोणतीही तरतूद केलेली नाही.

वरील मजकूर मी वाचला, समजला, आणि खालील दोन साक्षीदारांच्या समक्ष, तिघेही एकाच खोलीत असताना, त्यावर सही केली.

सही: नेमसिंग पूनमसिंग आडे

आमच्यासमोर सही झाली, आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. रामधन जाधव, रा. लोहारा
२. जीवन पवार, रा. कळंब

ठिकाण: लोहारा, यवतमाळ
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५