गुरुवारच्या वाचनासाठी सभागृहाचे कुलूप काढण्याबाबत

दिनांक : १४ ऑक्टोबर १९९६

प्रति,
मा. श्री. मधुसूदन बेलसरे,
वसाहत अधिकारी,
संशोधन संस्था कर्मचारी वसाहत,
महानगर, लखनौ.

विषय : 'विसाव्या शतकातील इंग्रजी साहित्यातील सत्ता आणि नियंत्रण' या वाचनमालेसाठी वसाहतीचे सभागृह पूर्ववत मिळण्याबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे अर्ज व त्यांवरील आपली उत्तरे.

महोदय,

१. मी या वसाहतीत १९५८ सालापासून राहते. सभागृहाच्या जागी तेव्हा पेरूची झाडे होती. सभागृह बांधून झाले त्याच वर्षी आम्ही मराठी बायकांनी तेथे गुरुवारी दुपारी इंग्रजी पुस्तके वाचायला सुरुवात केली. एकीने वाचायचे, बाकीच्यांनी विणत ऐकायचे आणि मग सर्वांनी मराठीत भांडायचे, अशी पद्धत होती व आहे. आपल्याआधीच्या एका अधिकाऱ्यांनी आमच्यासाठी स्वखर्चाने माठ ठेवला होता. कुलूप कोणी लावले नव्हते.

२. यंदा वरील विषय घेतला. पहिले काही गुरुवार हुकूमशहा, हेरखाती, तुरुंग आणि लष्करी राजवटी यांत गेले. त्यास आपली हरकत नव्हती. उलट आपण जास्तीच्या खुर्च्या पाठवल्या, त्याबद्दल आभारी आहे. नंतरच्या गुरुवारी एक लहान गोष्ट वाचली. तीत सरकार नाही, पोलीस नाहीत. एक सुस्वभावी नवरा आहे. तो बायकोवर कधी आवाज चढवत नाही. तिने कोणाला भेटावे आणि कोणती खिडकी उघडावी, एवढेच तो ठरवतो. त्या दिवशी आपल्या पत्नी सौ. चंद्रप्रभा प्रथमच बोलल्या. त्या म्हणाल्या, "काकू, या गोष्टीतल्या नवऱ्याकडे फोन नव्हता वाटतं. नाहीतर डायलला कुलूप घालून किल्ली ऑफिसात नेली असती." सगळ्या हसल्या. आपण खुर्च्या बघायला आला होता व दारात उभे होता. आपण हसला नाहीत.

३. पुढच्या गुरुवारी सभागृह बंद होते. पंख्यांची दुरुस्ती चालू आहे, असे उत्तर मिळाले. पंख्याविना बसू, असे कळवल्यावर विषय संवेदनशील ठरला व पोलिसांचे ना-हरकत पत्र मागण्यात आले. मी एकाहत्तर वर्षांची आहे. रिक्षा करून चौकीवर गेले. तेथील दरोगाजींनी विषय दोनदा वाचून विचारले, "माताजी, इसमें झगड़ा कौन करेगा?" मी म्हटले, "हम ही करेंगे, आपस में." त्यांनी चहा पाजला आणि चिठ्ठी दिली. ती सोबत जोडली आहे.

४. चिठ्ठी आल्याचे कळताच आपण प्रत्येक सदस्येच्या पतीची लेखी संमती मागितली. माझे पती कै. सदाशिव देवस्थळी यांना जाऊन नऊ वर्षे झाली. त्यांची संमती कोणत्या कार्यालयातून मिळवावी, ते कृपया कळवावे. हयात असताना त्यांनी ती दिल्याचे स्मरत नाही, कारण मी कधी मागितली नव्हती. इतर सर्व पतींनी हसत सह्या केल्या. एकाच पतीची सही मिळालेली नाही. ते पती आपण आहात.

५. कोणाच्याही घरी बसा, असे आपण तोंडी सुचवलेत. बाकीच्या जणी बसतील. परंतु सौ. चंद्रप्रभा यांना आपण फक्त सभागृहात येऊ देत होता, कारण त्याचे दार आपल्या कार्यालयाच्या खिडकीतून दिसते. जवळच्या कपूरथला चौकातल्या भाजीबाजारातही त्या आपल्यासोबतच जातात. म्हणजे सभागृह बंद करून आपण बंद केली ती त्यांची आठवड्यातली एक दुपार. मालेच्या शेवटच्या गुरुवारी त्या स्वतः या विषयावर बोलणार होत्या. त्यासाठी त्यांनी माझ्याकडून पुस्तके नेली होती. ती आपल्या शिपायाने परत आणून दिली. काही पानांत वाचनखुणा तशाच होत्या.

६. आपण येथे नवीन आलात तेव्हा एकटे होता व दर रविवारी आमच्याकडे जेवत असा. लग्न ठरल्यावर मुलीचा फोटो प्रथम मला दाखवलात आणि म्हणालात, "इंग्लिश घेऊन बी.ए. केलंय, काकू. तुमचं तिच्याशी जमेल." किती अभिमानाने म्हणाला होता. आमचे जमले, हाच अपराध झाला काय, हे मला समजत नाही.

७. तरी येत्या गुरुवारी, दि. १७ रोजी दुपारी सभागृह उघडावे, संमतीची अट रद्द करावी आणि सौ. चंद्रप्रभा यांना बोलायला येऊ द्यावे, ही विनंती.

आधीचे अर्ज मी हिंदीत केले, कारण त्यांत पंखे आणि पोलीस एवढेच होते. हा मुद्दाम मराठीत लिहिला आहे. आपल्या कार्यालयात आपल्याखेरीज तो कोणालाही वाचता येणार नाही. गुरुवारी कुलूप तसेच दिसले तर शुक्रवारी पुन्हा हिंदीत अर्ज करीन आणि त्याची प्रत सूचनाफलकावर लावीन. त्यात सौ. चंद्रप्रभा यांचे नाव कोठेही नसेल. आपले असेल.

आपली नम्र, आणि अजूनही काकू,

(सही)
पद्मिनी सदाशिव देवस्थळी