कापलेली मुखपृष्ठं

३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गुडघा काय म्हणतोय? बाबा म्हणतो, तू जिना चढणं सोडलंस. मला तर खरं वाटत नाही.

इथे माझी पंचाईत झालीय. मी ज्या छोट्या मासिकावर प्रबंध लिहितेय, त्याचे सहाही अंक तुझ्याच जुन्या ग्रंथालयात एकत्र बांधलेले सापडले. पण बांधताना कुणा ठोंब्यानं मुखपृष्ठं आणि जाहिराती कापून टाकल्यात! कविता आहेत गं, पण चित्रं कुणी काढली, असल्या बंडखोर पोरांना जाहिराती कुणी दिल्या, अंक कुणाच्या घरून निघायचा, हे कळणार कुठून? सर म्हणतात, पुरावा नसेल तर मासिकाभोवतीच्या माणसांचं प्रकरण गाळा. ते गाळलं तर प्रबंधात उरलं काय? हातात एकच महिना आहे. तू तिथे तीस वर्षं बाइंडिंग केलंस. कोण होता तो, आठवतंय?

माया आहेच, थोडी जास्त कर.

तुझी बुटकी

७ मार्च

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

तो ठोंब्या मीच.

तेव्हा नियमच होता. मजकूर ठेवायचा, मुखपृष्ठ आणि जाहिराती काढायच्या. जाहिराती रद्दीत गेल्या. मुखपृष्ठांचा कागद मात्र चांगला जाड होता, टाकवेना. त्या आठवड्यात कायद्याचे जाडजूड ग्रंथ बांधायला आले होते, त्यांच्या पुठ्ठ्यांना आतून अस्तर म्हणून चिकटवली. बाइंडिंगच्या नोंदवहीत तारखा मिळतील, त्यावरून ते ग्रंथ शोधून ठेव. सोमवारी मी येतेय. ग्रंथपाल नको म्हणाला तर मी बघून घेईन. गुडघ्याला घरी बस म्हटलंय.

लोभ आहेच, तू रडू नकोस.

आत्या

१९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून ग्रंथपाल येईल त्याला सांगतोय, की बाईंनी ओल्या फडक्यानं खळ सोडवली आणि कागदाला ओरखडासुद्धा नाही! सहापैकी चार मुखपृष्ठं मिळाली, आणि चारहींच्या आत चित्रकाराचं नाव आणि पत्ता आहे. सर म्हणाले, प्रकरण राहू द्या. मी तिथेच रडले.

उरलेली दोन मुखपृष्ठं आणि जाहिराती 'काळाच्या ओघात नष्ट झाल्या' असं लिहिलंय. तुझा उल्लेख कुठेही नाही, निश्चिंत राहा.

अशीच पाठीशी राहा.

बुटकी

२४ मार्च

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

काळाच्या ओघात म्हणे! काळाची काय बिशाद माझ्या सुरीला हात लावायची? मी कापल्या. तेव्हाच्या ग्रंथपाल साहेबांच्या हुकमावरून, एकही ओळ न वाचता. तसंच लिही. मासिकाच्या भोवती कोण कोण होतं ते शोधतेस ना? मग मीही होतेच की भोवती. सर कुरकुरले तर माझ्याकडे पाठव.

तू दिलेल्या कविता वाचल्या. निम्म्या डोक्यावरून गेल्या. एक मात्र तीनदा वाचली, आणि फार वाईट वाटलं. तेव्हा वाचली असती तर सुरी खाली ठेवली असती. हेही लिही.

राग ओसरला की लोभ वाढेल.

आत्या